शब्दचर्चा : 'हॉवर'ला काय म्हणावं? आणि 'उंची'चा घोळ

फासेवाला (नागपूर) : रोल-प्लेइंग गेममधल्या (पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ), चौकटीच्या नकाशावरच्या लढाईसाठी मराठी नियमपत्रक करतोय. दोन शब्द अडलेत. 'हॉवर'साठी (उडताना हवेत एका जागी राहणे) सध्या 'घिरट्या घालणे' लिहिलंय. दुसरा 'उंची'. 'राक्षस, उंची २० फूट' म्हटलं की खेळाडू विचारतात, तो २० फुटी आहे की २० फुटांवर आहे?

कापशी : घिरट्या नको. घिरट्या घार घालते, गोल गोल. कापशी हा पक्षी मात्र शेतावर एकाच जागी पंख मारत थांबते. तिला घिरट्या कोणी म्हणत नाही. 'हवेत थांबणे' लिहा.

सहापैलू : शब्द पक्ष्यावरून नाही, नियमावरून ठरवा. पाथफाइंडर या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत एका जागी थांबायला फ्लाय (उडण्याच्या) कौशल्याची १५ ची चाचणी लागते, म्हणजे फासा आणि कौशल्य मिळून किमान १५, तिथे 'हवेत थांबणे' चपखल आहे. डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) पाचव्या आवृत्तीत ग्रिफनला (गरुडाच्या डोक्या-पंखांचा सिंह) हॉवर नाही, तरी तो आपल्या पाळीत जागेवर थांबू शकतो. तिथे हॉवरचा फायदा वेगळाच : उडणाऱ्याला आडवा पाडला किंवा त्याचा वेग शून्य केला, तर तो कोसळतो, हॉवर असलेला बिहोल्डर (हवेत तरंगणारा, अनेक डोळ्यांचा गोल राक्षस) कोसळत नाही. त्या पत्रकात 'अधांतर' हे गुणाचं नाव द्या आणि पुढे लिहा, 'वेग शून्य झाला तरी पडत नाही'. 'थांबणे' लिहिलंत तर ग्रिफन थांबूच शकत नाही असा अर्थ निघेल.

फासेवाला : पटलं. पडल्यावर होणाऱ्या इजेचा हिशेब?

सहापैलू : दर पूर्ण १० फुटांना एक सहापैलू फासा, जास्तीत जास्त २० फासे. ३५ फुटांवरून पडला तर ३ फासे, साडेतीन नाही.

वऱ्हाडी ठोंब्या : 'उंची' काऊन लिहून राहिले भाऊ? 'मजला' म्हणा ना! ५ फुटांचा एक मजला, भुईवरचा तो तळमजला, म्हणजे शून्य. उंची हा शब्द अंगापुरता ठेवा. तळमजल्यावरच्या भालेवाल्याची पोच ५ फूट असली तर पहिल्या मजल्यावरचा लागते, दुसऱ्यावरचा नाही. पण कोणी तळमजल्यालाच पहिला धरला की सगळी मापं ५ फुटांनी सरकतात. हे पत्रकावर ठळक लिहा.

कापशी : 'मजला' झकास. सोंगटीशेजारी मजल्याचा आकडा दाखवणारा फासा ठेवतात, पण तोच कोणीतरी उचलून टाकतो. वेगळ्या रंगाचा ठेवा, नाहीतर बाटल्यांची झाकणं रचा, एक झाकण एक मजला.

फासेवाला : मग तिरकं अंतर? ६ घरं (५ फुटी चौकटी) आडवं आणि ८ मजले वर.

सहापैलू : इथेच भांडणं होतात. कर्ण काढला तर १० घरं, ५० फूट. पाचव्या आवृत्तीचा नेहमीचा नियम तिरक्या घरालाही ५ फूटच मोजतो. तोच वर लावला तर मोठी बाजू तेवढं अंतर, म्हणजे ४० फूट. ५-१०-५ च्या पर्यायी मोजणीने (पहिलं तिरकं पाऊल ५ फूट, दुसरं १०, पुन्हा ५, असं) ६ तिरक्या पावलांचे ४५ आणि वरच्या २ मजल्यांचे १०, एकूण ५५. टप्पा ५० फुटांचा असेल तर दोन मोजण्यांत बाण पोचतो, तिसरीत नाही. 'अंतर' या शब्दापुढे कोणती मोजणी ते कंसात लिहाच.

वऱ्हाडी ठोंब्या : आणि 'कर्ण' म्हटलं की कोणीतरी महाभारत काढते. 'तिरपं' लिहा बाप्पा.