हंगर गेम्स: त्रिकोण ठेवा बाजूला, आधी धान्याचं बोला

कोळसेवाली

परवा 'जुना पापी' यांनी इथे एक लेख टाकला, शीर्षकातच 'पोरीबाळींची' कादंबरी. सार असं: सुझन कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' म्हणजे दोन पोरं, एक पोरगी आणि एक धनुष्य. बाकी सगळा माल जपानी 'बॅटल रोयाल'मधून उचललेला. आणि चाळिशी उलटलेल्या माणसांनी असलं काही वाचणं म्हणजे भातुकली मांडून बसणं. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

उचलेगिरीचं आधी उरकते. ताकामीचं 'बॅटल रोयाल' १९९९चं, हे २००८चं. हस्तलिखित देऊन होईपर्यंत आपण त्या पुस्तकाचं नावही ऐकलं नव्हतं, असं कॉलिन्सबाई म्हणतात. पटत नसेल तर सोडून द्या. पण अथेन्सनं सात मुलगे आणि सात मुली क्रीटला मिनोटॉर राक्षसाच्या तोंडी धाडायच्या, ती थीसियसची ग्रीक गोष्ट आपल्या डोक्यात होती हे त्या स्वतःच सांगतात. मुलांना मरायला पाठवणारं राज्य ही कुणा एकाच्या मालकीची कल्पना नाही, आणि जपानचीही नाही.

आता मुद्दा. गोष्टीतली राजधानी कॅपिटॉल दरवर्षी बारा डिस्ट्रिक्टांतून प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या काढून निवडते, आखाड्यात एकमेकांना मारायला सोडते आणि ते टीव्हीवर दाखवते. या पुस्तकात आखाड्यापेक्षा भयंकर गोष्ट पहिल्या प्रकरणातच येते आणि सगळे ती ओलांडून पुढे पळतात. टेसेरा. बारा ते अठरा वयाच्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी दरवर्षी एकेक वाढते, हा झाला नियम. पण घरात खायला नसेल तर आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकायच्या आणि एका चिठ्ठीमागे एका माणसाचं वर्षाचं धान्य-तेल घ्यायचं. तेही पोटभर नाही. शिवाय या चिठ्ठ्या साचत जातात. डिस्ट्रिक्ट १२मधली नायिका कॅटनिस सोळाव्या वर्षी २० चिठ्ठ्यांवर आहे, तिचा शिकारीचा सोबती गेल अठराव्या वर्षी ४२वर. कोणी जबरदस्ती केलेली नाही, अर्ज त्यांनी आपणहून केलेत. बाप खाणीत मेल्यावर अकरा वर्षांची कॅटनिस ८ मेची वाट बघते, कारण त्या दिवशी तिला बारावं लागणार आणि चिठ्ठ्या टाकून धान्य आणता येणार. वाढदिवसाची अशी वाट बघणारं पोर ज्याला 'पोरीबाळींचं' वाटतं, त्यानं पुस्तक नक्की कुठून उघडलं होतं?

तिच्याबरोबर आखाड्यात गेलेला पीटा की गेल, हा प्रश्न प्रकाशकांना आणि पोस्टर छापणाऱ्यांना महत्त्वाचा. कॅटनिसला तो फारसा पडलेलाच नाही. तिला झोप येत नाही आणि उद्याचा दिवस काढायचाय.

जुना पापी

आमच्या नावानं स्वतंत्र धागा, धन्य झालो. धान्याचा हिशेब बरोबर आहे, पण तो पंधरा-वीस पानांत संपतो. नंतर तीनशे पानं गुहेतली चुंबनं, सूपाची भांडी आणि झगमगीत झगे. लेखिकेला धान्याचं एवढं होतं, तर झग्यांना इतकी जागा कशाला? त्यात सगळं 'मी धावते, मी लपते' असं वर्तमानकाळात. धाप मलाच लागली.

सातारी तर्री

काका, ते सूप कुठून येतं? चुंबन घेतलं की वरून पॅराशूटनं सूप! प्रेमाचं नाटक केलं तर जेवण मिळतं. गुहेतही धान्याचाच हिशेब चाललाय आणि तुम्ही पानं मोजताय.

जुना पापी

बरं. चुंबनाच्या बदल्यात सूप. थोर साहित्य.

संभाव्यता

टेसेराचं सगळे भावनेनं बोलतायत, जरा आकडे बघू. डिस्ट्रिक्ट १२ची वस्ती आठ हजारांच्या आसपास. मुलांच्या भांड्यात समजा ५,००० चिठ्ठ्या आहेत असं धरू. गेलच्या ४२, म्हणजे एक टक्काही नाही. एवढ्यासाठी इतका गळा काढायचा? दरवर्षी आठ हजारांतली दोन मुलं जातात. ज्या खाणीत कॅटनिसचा आणि गेलचा बाप एकाच स्फोटात गेला, तिथली जोखीम याहून कैक पट असणार.

कोळसेवाली

एका वर्षाचं गणित करून थांबलात. गेलनं पहिल्या वर्षी ६, मग १२, १८, असं करत शेवटी ४२. सात वर्षांची बेरीज १६८. तुमच्याच ५,०००नं भागा, साधारण तिसात एक. महापौरांची मुलगी मॅज, तिच्या जादा चिठ्ठ्या नाहीत, तिची बेरीज २८, म्हणजे पावणेदोनशेत एक. गावातल्या दोन पोरांमध्ये सहापट फरक, आणि तो फक्त जेवणाचा.

खाणीचं म्हणाल तर ते बरोबरच आहे, आणि पुस्तकही तेच सांगतंय. खाणीतलं मरण टीव्हीवर दाखवत नाहीत.

संभाव्यता

५,००० हा आकडा मी हवेतून घेतला होता, तुम्ही तर त्यावर घर बांधलंत. सहापट मान्य. 'तिसात एक' मान्य नाही.

मिलोची भाकर

इथे सहसा लिहीत नाही, पण राहवलं नाही. माझी आई ७२च्या दुष्काळात तेरा वर्षांची होती. खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि घरी तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. हजेरीला वय वाढवून सांगितलं होतं, कारण मोठ्या माणसाची मजुरी हवी होती. मुलीनं मला हे पुस्तक वाचायला दिलं, तेव्हा चिठ्ठ्यांच्या पानाशी मी थांबले आणि आईला फोन केला. ती म्हणाली, "वाढवूनच सांगायचं ना वय, त्यात काय." मला इंग्रजी वाङ्मयातलं कळत नाही. पण हे लिहिणाऱ्या बाईला भूक ठाऊक आहे, एवढं कळलं.

अंगठेबहाद्दर

ताई, अगदी. आमच्या आजीचा अंगठा उठत नाही. रेशनच्या पॉस मशीनवर पाच वेळा दाबा, तरी नाहीच. दुकानदार म्हणतो पुढच्या आठवड्यात या, पुढच्या आठवड्यात माल संपलेला. आयुष्यभर भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत तर आणायच्या कुठून? निदान कॅपिटॉलच्या राज्यात चिठ्ठी टाकली की धान्य मिळतं.

निवांत_पोपट

😂 शेवटच्या वाक्यासाठी +१

खट्याळ खार

माझीही रेशन कार्डाची कहाणी आहे. लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून नाव कमी करायला…

(ती वेगळ्या धाग्यात लिहिते, खूप मोठी आहे.)

रोखठोक

हे जरा अती होतंय. ७२चा दुष्काळ आणि अमेरिकन पोरांची करमणूक एकाच ताटात? रोजगार हमी आपल्या राज्यात त्या दुष्काळातूनच उभी राहिली, १९७७ला कायदा झाला. लोकांना काम मिळालं, माणसं जगली. तिकडे राज्य धान्य देऊन पोरं मारतंय, इथे राज्यानं धान्य देऊन पोरं जगवली. फरक कळत नसेल तर तुलना करू नका. आमच्या घरातल्या दोघांनी त्या कामांवर मुकादमी केलीय, त्यांची तरी लाज ठेवा.

मिलोची भाकर

मी कोणत्या मुकादमाला शिवी दिली? आईनं वय वाढवलं एवढंच सांगितलं. आणि मुकादमाला ते दिसत होतंच की. तेरा वर्षांची पोर समोर उभी होती.

रोखठोक

दिसत होतं, म्हणूनच नाव लिहून घेतलं असेल. नाही लिहिलं असतं तर काय खाल्लं असतं?

सातारी तर्री

साहेब, नकळत तुम्ही कॅटनिसचं वाक्य बोललात.

मातृभाषाप्रेमी

दुःख एकच. आपली पोरं हे सगळं इंग्रजीतून वाचणार. आपल्याकडे दुष्काळ आहे, रेशन आहे, ऊसतोड आहे, आश्रमशाळा आहेत, पण चौदा वर्षांच्या पोरासाठी यावर कोणी कादंबरी लिहीत नाही. लिहिली तर शेवटी शिक्षक येऊन उपदेश करून जातो.

निवांत_पोपट

हा प्रतिसाद तुम्ही पाककृतीच्या धाग्यावरही टाकला होतात.

मातृभाषाप्रेमी

तिथेही तो लागू होता.

जुना पापी

मॅजवर येऊ द्या मला. पहिल्या प्रकरणात गेल त्या मुलीच्या चांगल्या फ्रॉकवरून टोमणा मारतो, तुझ्या पाचेक चिठ्ठ्या असतील, मी बारा वर्षांचा असतानाच माझ्या सहा होत्या, असं सुनावतो. कॅटनिस म्हणते, यात तिचा काय दोष. पुढे गेल स्वतःच रानात आरडाओरडा करतो की टेसेरा ही आपल्यात फूट पाडायची युक्ती आहे. म्हणजे युक्ती कळलेली आहे, तरी राग मॅजवरच. हे मी वाचलंय बरं का. 'कुठून उघडलं होतं' म्हणे!

आता तिसरं पुस्तक काढा. तुमचा हा चिठ्ठ्या मोजणारा गेल तिथे काय बनवतो? एक बॉम्ब आधी, आणि जखमींना उचलायला माणसं धावली की मग दुसरा. कॅपिटॉलच्या मुलांवर असले बॉम्ब पडतात, मदतीला धावलेली कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम त्यात जाते. ते त्याचेच होते की नाही, हे त्यालाही शेवटपर्यंत सांगता येत नाही. भुकेचा हिशेब ठेवणारा माणूस न्यायीच निघतो, असं तुमच्या लेखात गृहीत धरलंय. लेखिकेनं धरलेलं नाही. त्यापुढे बंडखोरांची प्रमुख कॉइनबाई कॅपिटॉलच्या मुलांचे शेवटचे खेळ भरवायचा प्रस्ताव मांडते, तेव्हा तुमची कॅटनिस 'हो' म्हणते.

कोळसेवाली

ते 'हो' कॉइनला गाफील ठेवायला होतं. पुढच्याच प्रसंगात बाण कॅपिटॉलचा अध्यक्ष स्नो याला न मारता कॉइनला मारते.

संभाव्यता

तसं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. 'प्रिमसाठी' एवढंच म्हणते. बाकी वाचकांनी तिच्या बाजूनं भरलंय.

कोळसेवाली

तिचा मार्गदर्शक हेमिच तिला ओळखून असतो आणि तिच्याबरोबर मत देतो, ते उगाच?

गेलचं मात्र मी लेखात टाळलं, हे पापीकाकांनी बरोबर पकडलं. टाळलं, कारण तो मला पहिल्या भागात फार आवडतो. पण मग काका, बॉम्ब, फूट, मॅजचा फ्रॉक एवढं सगळं ज्यात सापडलं, ते पुस्तक भातुकली कसं?

जुना पापी

भातुकलीत भांडणं होतातच की. शीर्षक बदलून 'पोरीबाळींचीसुद्धा' करतो, चालेल? त्रिकोणाबद्दलचं मत कायम. सूपाबद्दलही.

अंगठेबहाद्दर

थायलंडमध्ये २०१४च्या लष्करी बंडानंतर लोकांनी यातल्याच सलामीसारखी तीन बोटं वर केली आणि पोलिसांनी त्यांना उचललं. म्यानमारमध्ये २०२१ला पुन्हा तेच. त्यातलं कोणी त्रिकोणासाठी रस्त्यावर उतरलं नव्हतं, काका.

जुना पापी

रस्त्यावर उतरणाऱ्यांनी पुस्तक वाचलं होतं की सिनेमा पाहिला होता, हेही विचारून घ्या. सिनेमात मॅज नाहीच.

खट्याळ खार

एक मिनिट. प्रिम जाते??? मी दुसऱ्या भागात आहे! वर सूचना द्यायची पद्धत गेली का इथली?

निवांत_पोपट

तिसरा भाग २०१०चा आहे हो.

खट्याळ खार

म्हणून काय झालं. रेशन कार्डाच्या धाग्यात तुमची वाट बघते.