पोलॅरिटी : 'ध्रुवीयता' की 'रोख'?

जळगावला बी.एस्सी.च्या मुलांना भ्रूणविकास शिकवते. 'पोलॅरिटी'साठी पुस्तकात 'ध्रुवीयता' आहे. फळ्यावर लिहिलं की मुलं चुंबकाकडे जातात. मला सांगायचंय ते वेगळं. फळमाशीच्या पंखावर प्रत्येक पेशीतून एकेक केस उगवतो, आणि सगळे केस पंखाच्या टोकाकडेच कललेले असतात. परवा एका मुलाने सरळ अहिराणीत विचारलं, "पेशीनं तोंड कथा शे?" (पेशीचं तोंड कुणीकडे आहे?) तेव्हापासून शब्द शोधतेय. 'तोंड' मात्र चालणार नाही, जीवशास्त्रात त्याला वेगळा अर्थ आहे.

— ताई, 'रोख' कसा वाटतो? गव्हाच्या ओंबीवर बुडाकडून शेंड्याकडे हात फिरवा, काही लागत नाही. उलट फिरवला की कुसळं टोचतात. कुसळांचा रोख शेंड्याकडे असतो. बोलण्याचा रोख, बंदूक रोखणे, सगळीकडे दिशाच आहे.

— पण रोख म्हणजे नगद पैसेही ना? यावल-रावेरकडे केळीच्या सौद्यात तोच अर्थ आधी कानावर येतो.

— येतो, पण 'कशाकडे' हे सोबत आलं की गोंधळ उरत नाही. 'पेशींचा रोख टोकाकडे' यात पैसे कुणाला दिसणार?

— मला 'रोख' पटला, आणि त्यामुळे एक फरकही करता येईल. पेशीची वरची बाजू आणि तळाची बाजू वेगळी असते, त्याला आपला 'शेंडा-बुडखा' आहेच. पेशींच्या थराच्या पातळीत एकाच दिशेला वळणं, तो 'रोख'. 'ध्रुवीयता' दोन्हींना एकच नाव देते, आणि मुलं अडखळतात ती इथेच.

रोख ठरतो तो शेजाऱ्याच्या आधाराने. पंखाच्या पेशीत टोकाकडच्या कडेला फ्रिझल्ड नावाचं प्रथिन जमतं, पंखाच्या बुडाकडच्या कडेला व्हॅन गॉग नावाचं. एकीचं फ्रिझल्ड शेजारणीच्या व्हॅन गॉगला भिडतं आणि अशी दिशा पेशीपेशीतून पुढे जाते. व्हॅन गॉगचं जनुक बिघडलं की केसांचे भोवरे होतात. व्हॅन गॉग या चित्रकाराच्या चित्रांतल्या भोवऱ्यांवरूनच हे नाव पडलं. उंदरात याच जातीचं जनुक बिघडलं तर मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नळी उघडीच राहते. माणसाच्या गर्भात ती साधारण चौथ्या आठवड्यात मिटते.

— मग क्रियापद 'रोख धरणे' घेऊ. 'पेशी रोख धरतात', 'पेशींचा रोख चुकला'. सोमवारच्या तासाला हेच फळ्यावर लिहिते.