शिकलं म्हणून भीती जाते का?

शिक्षण वाढलं की अंधश्रद्धा आपोआप जाईल, हे मत मला पटत नाही. दादरला शनिवारी सकाळी लिंबू-मिरची घेणाऱ्यांत लॅपटॉपची बॅग अडकवलेलेही दिसतात. १९४८ साली बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे दिले. त्यांच्या वागण्याशी दाण्यांचा काडीचाही संबंध नव्हता. तरी कुणी गोल गिरक्या घेऊ लागलं, कुणी मान झटकू लागलं; जणू त्यानेच दाणे येतात, असा स्किनरचा निष्कर्ष. (या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, ते वेगळं.) आपणही लिंबू बांधलं आणि धंदा झाला तो दिवस लक्षात ठेवतो, बाकीचे विसरतो. रोजच्या कमाईचा भरवसा नसलेल्या टॅक्सीवाल्याला अडाणी म्हणणं मला खटकतं. त्याची भीती खरी आहे. तिच्यावर पोट भरणाऱ्या भोंदूंना मात्र २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लावलाच पाहिजे.