मेरिदात बस दीड तास थांबणार, सासूबाईंना काय दाखवू?

लिस्बनहून माद्रिदला जाताना आमची टूर स्पेनमधल्या मेरिदाला थांबतेय. सासूबाई 72 वर्षांच्या, गुडघे दुखतात. रोमन थिएटर झेपेल का?

— थिएटर अजिबात चुकवू नका! इ.स.पू. 16-15 मध्ये रोमन सेनानी अग्रिप्पाने उभारलंय. दगडी पायऱ्या उंच आहेत, त्या चढायला लावू नका. खालीच थांबून रंगमंचामागचे दुमजली खांब बघा: निळसर करडा संगमरवर, वर पांढरी नक्षी. मी तर हात लावायचा मोह कसाबसा आवरला. अँफिथिएटर, म्हणजे ग्लॅडिएटरांच्या झुंजींचं मैदान, अगदी शेजारी आहे, पण दीड तासात दोन्ही नीट होत नाहीत. गाईड घाई करेल, तुम्ही करू नका.

— जुलै-ऑगस्टमध्ये तिथे नाट्यमहोत्सव असतो. नेपथ्याने खांब झाकले जातात, आणि ऊन भयंकर. टोपी, पाणी हवंच.

— आम्ही मेमध्ये चाललोय. मग अँफिथिएटर सोडते. रोमन कलेचं संग्रहालय?

— रस्ता ओलांडला की तेच! वास्तुकार मोनेओने बांधलेल्या विटांच्या उंच कमानी, भिंतीवर भलीमोठी मोझेइक. आईंना तिथे सावलीत निवांत बसता येईल. फक्त सोमवारी बंद असतं, वार बघून घ्या.