प्रतिसाद: रोमानियातलं प्रोफी आणि फंडांची ये-जा

मी ज्या मताला उत्तर देतोय ते असं: पूर्व युरोपात प्रायव्हेट इक्विटी फंड (गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या विकत घेऊन पुढे विकणारे) येतात, कंपनी पिळून काढतात आणि निघून जातात. रोमानियातल्या प्रोफी या किराणा साखळीचा हिशेब मात्र वेगळा आहे.

पोलंडच्या एंटरप्राइझ इन्व्हेस्टर्स या अशाच फंडाने २००९-१० च्या सुमारास, ऐन मंदीत, ती ६.६ कोटी युरोंना घेतली. २०१६ मध्ये मिड युरोपा या दुसऱ्या फंडाशी सौदा ठरला ५३.३ कोटींना, म्हणजे सात वर्षांत आठपट! आणि २०२३ मध्ये आहोल्ड देलेझ या डच-बेल्जियन किराणा कंपनीने सुमारे १३० कोटींची बोली लावली. ही किंमत दुकानं बंद करून वाढलेली नाही. शंभराच्या आत असलेली दुकानं सोळाशेच्या वर गेली. त्यातली 'प्रोफी लोको' तर थेट खेड्यांसाठी होती. दूध, पाव, तेल, साबण असा रोजचा माल, तोही मोठ्या साखळ्या ज्या गावांत जायला तयार नव्हत्या तिथे.

मला खरं खटकतं ते पुढचं. तिन्ही वेळा सौदा बंद दाराआड झाला, सामान्य रोमानियन बचतदाराच्या वाट्याला एक शेअरही आला नाही. पोलंडमध्ये अलेग्रो ही ऑनलाइन बाजारपेठही फंडांच्याच ताब्यात होती, पण २०२० च्या ऑक्टोबरात तिचे शेअर वॉर्सा बाजारात आले आणि तिथल्या लोकांना ते घेता आले.

शिवाय आहोल्डकडे रोमानियात मेगा इमेज ही किराणा साखळी आधीपासूनच आहे. रोमानियाच्या स्पर्धा परिषदेने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) काही दुकानं विकायची अट घातली, ते योग्यच झालं. छोट्या गावात दुसरं दुकानच नसेल तर भाव आवाक्यात कोण ठेवणार?