‘क्लर्क्स’सारखा सिनेमा महाद्वार रोडवर का होत नाही?
(कोल्हापूरकरांची ऑनलाइन चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रंकाळ्याचा कट्टा
काल रात्री ‘क्लर्क्स’ तिसऱ्यांदा बघितला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. न्यू जर्सीतल्या लिओनार्डो गावात एक किराणा-सिगारेटचं दुकान, शेजारी व्हिडिओ कॅसेटचं. एकात डांटे, दुसऱ्यात रँडल. डांटेची सुट्टी असते, मालक सकाळी सकाळी फोन करून बोलावतो, आणि पठ्ठ्या दिवसभर एकच रडगाणं गातो: आज माझी ड्यूटी नव्हतीच. बास, एवढाच सिनेमा. १९९४ चा.

हा सिनेमा करणारा केविन स्मिथ त्याच दुकानात खरोखर कामाला होता. दिवसा काउंटर, रात्री शूटिंग. आता रात्री शूट केलं तर खिडकीबाहेर अंधार दिसणार. म्हणून त्यानं गोष्टीतच घातलं की कुणीतरी कुलपात च्युइंगगम कोंबलंय, शटर उघडत नाही! मला हे अख्ख्या सिनेमापेक्षा जास्त आवडतं. सोळा एमएमची कृष्णधवल फिल्म, २१ दिवस, २७,५७५ डॉलर. तेव्हाच्या भावानं साडेआठ लाख रुपये धरा. स्वतःची कॉमिक्स विकली, क्रेडिट कार्डं घासली.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर नाहीतर चप्पल लाइनीत दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसताना दुकानात ज्या कंटाळलेल्या गप्पा चालतात त्या नुसत्या उतरवून काढल्या तरी सिनेमा होतोय. आपण मात्र तालीम, तांबडा-पांढरा आणि पाटलाचा पोरगा यातनं बाहेरच येत नाही.

घडीमोड
तुम्ही दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक म्हणून गेलाय, कामाला नाही, हे वाचल्या वाचल्या कळलं. मी सात वर्षं साडीच्या दुकानात कामाला जातो. (बाईमाणूसच आहे. आमच्यात पोरीबी ‘येतो-जातो’च म्हणतात, परगावच्यांनी गोंधळू नये.) गिऱ्हाईक नसतं तेव्हा घड्या असतात. सकाळी एक बाई येते, चाळीस साड्या उलगडायला लावते, पदर बघते, काठ बघते, दारात उजेडाला नेऊन रंग बघते आणि ‘सासूबाईंना घेऊन येते’ म्हणून जाते. त्या चाळीसच्या चाळीस जुन्याच रेघेवर बसवायच्या. दुसरी रेघ पडली की पुढच्या गिऱ्हाइकाला लगेच कळतंय, ही उघडलेली आहे.

हाताला सवय झाली की गप्पा मारत घड्या घालता येतात, ते खरं. पण गल्ल्याच्या वर कॅमेरा, आणि मालक घरात जेवताना मोबाइलवर बघतो. एकदा आम्ही दोघी जरा जास्त हसलो तर फोन आला, ‘काय जोक झाला, मला पण सांगा.’

तुमचा डांटे दुकान बंद करून छतावर हॉकी खेळतो. दुकान बंद करून मयताच्या घरी जातो. आम्ही असलं केलं तर सिनेमा दहा मिनिटांत संपेल. तो सिनेमा कंटाळ्याचा नाही, चावी नोकराकडं असण्याचा आहे.

जगात भारी
कोल्हापूरला कोण शिकवणार सिनेमा? बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं स्वतः बनवला. १९२० ला ‘सैरंध्री’ आला तेव्हा तुमचं ते न्यू जर्सी कुठं होतं!

लॅबवाला
न्यू जर्सी तिथंच होतं भावा. एडिसनची प्रयोगशाळाच होती तिथं. शंभर वर्षांपूर्वीचा कॅमेरा किती दिवस पुरवून खायचा? त्यातनं घ्यायचंच असेल तर हे घे की पेंटरांच्या सिनेमा कंपनीला गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा दिला. आज कोण देतंय?

आणि कट्टेकर, तो २७ हजारांचा आकडा पोरांना फार बिघडवतो. तेवढ्यात सिनेमा फेस्टिव्हलला दाखवण्याइतका झाला. सनडान्स फेस्टिव्हलला विकला गेल्यावर आवाज, गाण्यांचे हक्क, मोठ्या फिल्मवर उतरवणं, यावर वितरकानं कितीतरी पट घातले. गल्ला तीस लाख डॉलरच्या वर गेला तो त्यानंतर. कृष्णधवलसुद्धा कला म्हणून नव्हतं, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग धड येत नाहीत म्हणून.

रंकाळ्याचा कट्टा
मग तेच तर म्हणतोय! ट्यूबलाइट तर आपल्याकडं पण हाय. आणि आता फोनवर शूट होतंय, फिल्म धुवायच्या लॅबचा खर्चच नाही.

घडीमोड ताई, तुमचं पटलं, पण अर्धं. ‘काय जोक झाला’ हा फोन म्हणजेच सीन आहे हो. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आणि मी इथं फिस्सकन हसलो.

घडीमोड
हसा की. मला तेव्हा हसायला आलं नव्हतं. बारा तास उभं राहून पोटऱ्या गोळा येतात, स्टूल मागितलं तर ‘गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही.’ केरळनं २०१८ ला, तमिळनाडूनं २०२१ ला कायद्यातच घातलं की दुकानातल्या माणसाला बसायला जागा द्या. हा पण विनोदी सीन करणार काय?

लॅबवाला
आपला २०१७ चा दुकानांचा कायदा आला तेव्हा दिवसाला नऊ तास म्हणत होता, पण दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथंच तो पुरा लागू होता (दोन्ही आकडे २०२५ ला वाढवले). गुजरीच्या सराफ बाजारात हिंडून दहा माणसांची दुकानं मोजा, एका हाताची बोटं उरतील.

ताईंच्या बाजूनं एक गोष्ट. ‘क्लर्क्स’च्या पहिल्या एडिटमध्ये शेवटी एक चोर येतो, डांटेला गोळी घालतो आणि गल्ला घेऊन जातो. ते नंतर कापलं. म्हणजे आत काय साठलंय ते लिहिणाऱ्यालाही माहीत होतं.

मिसळ कमी तिखट
शिव्यांचं कुणी बोलतच नाही. त्या सिनेमात नागडं काही नाही, तरी नुसत्या बोलण्यावर तिथल्या सिनेमांना प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डानं सगळ्यात कडक शिक्का मारला होता, अपील करून हलका करून घेतला. चप्पल लाइनीतलं जसंच्या तसं उतरवलं तर आपल्या सेन्सॉर बोर्डाकडनं परत येताना नुसती ‘पीं पीं’ उरेल. इथं शिवी दिली नाही तर माणूस रागावलाय असं समजतात, हे मुंबईच्या साहेबाला कोण सांगणार?

गल्लेवाला
मी मालकच. कापडाचं दुकान आहे, आणि हो, कॅमेरा मीही बघतो. दोनदा गल्ल्यात कमी भरलं म्हणून लावला, हौस नव्हती. मालक म्हणजे राक्षस आणि नोकर म्हणजे बिचारा, असला सिनेमा करणार असाल तर माझा नमस्कार. भाडं थकलंय, पोरगा धंद्यात यायला तयार नाही, दुपारी दोन ते चार मलाही कंटाळाच असतो.

पण कट्टेकर, तुम्ही खरंच करणार असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा चावी देतो. लाइटबिल तुमचं. साड्या उलगडल्या तर सकाळी शटर वर जायच्या आत सगळ्या घड्या जुन्या रेघेवर पाहिजेत.

रंकाळ्याचा कट्टा
मालक, नादखुळा! खरंच सांगताय? मी उद्याच येतो भेटायला.

घडीमोड
रात्रभर उलगडणार तुम्ही. पहाटे पाचला घड्या कोण घालणार, ते आधी लिहा.