मदत हवी आहे : वारली चित्रांवरचा पांढरा रंग पोपडे धरून पडतोय

नमस्कार मंडळी. मी शाळेत चित्रकला शिकवते. सहावीच्या मुलांकडून यंदा वारली करून घेतेय. पोस्टर कलर नको म्हटलं, पाड्यावर करतात तसंच करू. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर गेरूचे दोन हात दिले, तांदळाची पिठी पाण्यात कालवली आणि बांबूच्या काड्यांची टोकं चावून कुंचले केले. (चावण्याचा कार्यक्रम मुलांना चित्रापेक्षा जास्त आवडला!)

तारपा नाच (तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) फार सुंदर उतरलाय. एकाने तर तारपेवाल्याच्या बाजूला मोबाइलवर शूटिंग करणारा माणूस काढलाय. मी तो राहू दिला.

पण वाळल्यावर पांढरा रंग सुटतोय, बोट लावलं तरी पीठ हाताला येतं. डिंक घालायचा राहिला, चूक माझीच. शिवाय पुठ्ठे पापडासारखे वाकलेत.

आता पिठीत डिंक किती घालू? झालेल्या चित्रांवर पातळ फेव्हिकॉल फवारला तर गेरू ओघळेल का? आणि पुठ्ठा सरळ कसा करायचा? प्रदर्शन पुढच्या शनिवारी आहे. पुन्हा काढा म्हणायला जीव होत नाही हो.